पिवळ्या भुकटीचा भाव

दिवेलागणीला आमच्या घरात दोन गोष्टी होतात. बायको देवापाशी निरांजन लावते आणि न्यूयॉर्कचा बाजार उघडतो. उन्हाळ्यात सातला, हिवाळ्यात आठला. तिकडची मंडळी वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे फिरवतात आणि त्यापायी परळमधल्या एका माणसाचं जेवण तासभर मागंपुढं होतं. सिडनीचा बाजार आणखी तऱ्हेवाईक. आपल्याकडे दूधवाला यायच्या आत, साडेचार-साडेपाचला, त्यांचे सौदे सुरूही झालेले असतात. युरेनियमच्या खाणींचे शेअर दोन्ही बाजारांत आहेत, म्हणून गेली पंधराएक वर्षं मी दोन्हीकडे डोळा ठेवून आहे.

युरेनियमचे शेअर म्हटलं की समोरचा आधी हसतो. ऑफिसातल्या एकानं विचारलं होतं, "डिलिव्हरी घरी आली तर ठेवणार कुठं, फ्रीजमध्ये?" आईला वाटायचं हे बाँबचं काहीतरी आहे आणि एक दिवस पोलीस येतील. तिची भीती अगदीच खुळी नव्हती. सोनं, चांदी, तांबं, कापूस, जिरं, सगळ्यावर आपल्याकडे सट्टा लावता येतो. युरेनियमवर नाही. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यानं हा सगळा व्यवहार सरकारच्या मुठीत ठेवला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं तो कायदा मोडीत काढून नवा आणला, पण मी सांगतोय तेव्हा मूठ घट्ट होती. खाणी आहेत, झारखंडात जादुगुडाला. त्या चालवणारी युरेनियम कॉर्पोरेशन १९६७ पासून आहे. पण ती पूर्ण सरकारी, तिचा शेअर बाजारात नाही. म्हणजे हौस असेल तर परदेशी जायचं.

परदेशी जायची वाट रिझर्व्ह बँकेनं २००४ साली उघडून दिली होती. माणशी वर्षाला अमुक इतके डॉलर बाहेर पाठवा, शिक्षणाला, उपचाराला, शेअरला. मी २०१०च्या डिसेंबरात बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म मागितला तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी आधी विचारलं, "मुलगा बाहेर शिकतोय का?"

"नाही, शेअर घ्यायचेत."

"इथले संपले का?" मागच्या रांगेतले दोघं हसले. फॉर्मवर कारणाचा रकाना होता, कंपनीचं नाव कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याची मी बसमध्ये तालीम करून गेलो होतो.

या वाटेवर मला नेलं ते ग्राफकाकांनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. गिरगावातल्या चाळीत राहायचे, उभी हयात काळबादेवीला एका कापूस दलालाच्या पेढीवर कारकुनी केलेली. पेढीवर शिकलेलं एक वाक्य ते जपासारखं म्हणायचे, "भाव भगवान छे." भाव हाच देव, त्याला कारण विचारायचं नाही. कॉम्प्युटर त्यांना वर्ज्य होता. मिलिमीटरचा ग्राफपेपर, टूएच पेन्सिल, स्टीलची पट्टी, आणि दर शनिवारी दुपारी आठवडाभराचे भाव मांडून एक एक कँडल काढायची. चढता आठवडा पोकळ ठेवायचा, उतरता शिसानं भरायचा. कँडलला ते 'मेणबत्ती'च म्हणत. तांदळाच्या भावासाठी ही रीत अठराव्या शतकात साकाताच्या एका जपानी व्यापाऱ्यानं काढली असं म्हणतात. काका त्या व्यापाऱ्याचं नाव कुलदैवतासारखं घेत. एका मेणबत्तीत चार आकडे: आठवडा कुठं उघडला, कुठं बंद झाला, किती वर गेला, किती खाली. पाचवा आकडा नाही. त्या आठवड्यात जगात काय झालं, त्याला कागदावर जागाच नाही, आणि काकांच्या मते हाच तिचा मोठेपणा.

दुसऱ्या टोकाला धाकटे मामा. हे अणुशक्तीनगरचे. १९५६ साली ट्रॉम्ब्यात अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली तेव्हा मामा राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीकाठी चड्डीवर फिरत होते. पुढं आयटीआय करून त्याच ट्रॉम्ब्यात वर्कशॉपला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. छातीवर किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला लावून तीसेक वर्षं कामाला गेलेला माणूस. बिल्ला महिन्याकाठी तपासायला जायचा आणि आकडा यायचा. त्यांनाही आकड्यांवरच विश्वास, फक्त त्यांचे आकडे वेगळे.

२०१०च्या गणपतीत हे दोघं आमच्याकडे एकाच दिवशी आले. मोदक खाऊन झाले आणि विषय निघाला. युरेनियमचा, म्हणजे खनिजापासून केलेल्या पिवळ्या भुकटीचा, भाव तेव्हा पौंडाला चाळीस-पंचेचाळीस डॉलरच्या घरात होता. २००७च्या जूनमध्ये तोच एकशे पस्तीसच्या वर जाऊन आपटलेला. काका म्हणाले, "एकदा इतका चढलेला भाव त्या वाटेनं पुन्हा जातो. वाट त्याला ठाऊक असते."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, वाट कसली? बाजारच कुठाय? वीज कंपन्या पाच-पाच, दहा-दहा वर्षांचे करार करतात. उघड्यावर विकला जातो तो उरलासुरला माल. त्याचे आठवड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सौदे. त्यावरून दोन सल्लागार कंपन्या भाव छापतात. माल हलतसुद्धा नाही. कॅनडातल्या किंवा फ्रान्समधल्या कारखान्यात पिंपं असतात तिथंच राहतात, वहीत नाव बदलतं."

हे मला नवीन होतं. मग त्यांनी मिठाचा दाखला दिला. माशाच्या कालवणात मीठ किती पडतं? चिमूटभर. मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून कुणी कालवण करायचं थांबत नाही. आणि मीठ संपलंच तर शेजारणीकडं मागेल त्या भावानं घेतं. अणुविजेच्या खर्चात कच्चं युरेनियम असंच थोडं. खर्च सगळा भट्टी बांधण्याचा. कोळशाचं तसं नाही, तिथं इंधन हाच खर्च. म्हणून टंचाई आली की युरेनियमचा भाव वेड्यासारखा धावतो आणि टंचाई नसली की वर्षानुवर्षं कुणी कुत्रं विचारत नाही.

"आणि मुख्य म्हणजे," मामा म्हणाले, "याला भाव नसतो, परवानगी असते." तारापूर त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. १९६९ साली अमेरिकन बनावटीच्या दोन भट्ट्या तिथं सुरू झाल्या, अमेरिकेच्याच इंधनावर. ७४ साली पोखरणला स्फोट झाला आणि तिकडून नळ आवळायला सुरुवात झाली. मग कधी फ्रान्स, कधी रशिया, मध्ये एकदा चीनकडूनही आणावं लागलं. २००७-०८ला तर आपल्या देशी भट्ट्या युरेनियमवाचून निम्म्या ताकदीनं चालत होत्या. पैसे होते, भाव द्यायची तयारी होती, विकणारा नव्हता. जुलै २००८ मध्ये अणुकराराच्या पायात मनमोहनसिंगांचं सरकार पडता पडता राहिलं, लोकसभेत नोटांची बंडलं फडकली, आणि सप्टेंबरात पुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली तेव्हा कुठं दार उघडलं.

काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. दोन्हींवर एकाच कॅनेडियन खाणकंपनीचा शेअर, तीच तीन वर्षं. एक साधा ग्राफपेपर, दुसरा सेमीलॉग, इंजिनिअरिंगच्या पोरांना लागतो तसला. साध्यावर दहा डॉलरपासून वीसपर्यंतचं अंतर आणि पन्नासपासून साठपर्यंतचं अंतर सारखंच. सेमीलॉगवर दहाचे वीस आणि पन्नासचे शंभर यांना सारखी उंची, कारण दोन्हीकडे पैसे दुप्पट झाले. २००७च्या शिखरापासून काकांनी पट्टीनं उतरती रेषा ओढली होती. साध्या कागदावर भाव उन्हाळ्यातच त्या रेषेच्या वर आला होता. सेमीलॉगवर अजून खालीच होता.

"मग मंदी संपली की नाही?" मी विचारलं.

"या कागदावर संपली. या कागदावर नाही."

मामा इतक्या जोरात हसले की आतून आई बघायला आली. काकांना राग आला नाही. ते म्हणाले, "माणूस टक्क्यांत श्रीमंत होतो आणि टक्क्यांतच बुडतो. मी हा कागद मानतो. दोन्हींवर रेषा तुटेल तेव्हा घे." या वादावर चार्टवाली मंडळी आजही एकमेकांची डोकी फोडतात. मी काकांच्या बाजूचा आहे, पण ते हसू कानातून जात नाही.

मीही माझ्या परीनं अभ्यास केला. निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही, मधोमध रेघ, डावीकडे पुरवठा, उजवीकडे मागणी. डावीकडे लिहिलं: सिगार लेक, कॅनडा, २००६च्या ऑक्टोबरात खाणीत पाणी शिरलं, अजून उघडलेली नाही. तिथल्या शंभर किलो खनिजात पंधरा किलोच्या आसपास युरेनियम. जादुगुड्याला टनात किलोसुद्धा नाही. त्याखाली: रशियाच्या जुन्या बाँबांतलं युरेनियम पातळ करून अमेरिकेला विकायचा १९९३चा करार, २०१३ला संपणार. म्हणजे पुरवठा आटणार. उजवीकडे लिहिलं: चीन. आणि त्याखाली, माझ्याच अक्षरात: भारत, जैतापूर ६.

सहा भट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॉट, एकूण ९९००. जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र होणार होतं ते. जागा माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरीलवाडा. यातल्या एका गावात माझ्या आईचं माहेर. २८ नोव्हेंबर २०१०ला केंद्रानं पस्तीस अटी घालून पर्यावरणाची मंजुरी दिली, ६ डिसेंबरला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना करारावर सह्या झाल्या. त्याच महिन्यात काकांच्या दोन्ही कागदांवर रेषा तुटली, आणि मी तो ए-टू फॉर्म भरला. वहीत 'जैतापूर ६' लिहिताना माझा हात अडखळला असता तर सांगायला बरं झालं असतं. अडखळला नाही. उलट आपल्या गावाची बातमी आपल्याला आधी कळते, याचं अप्रूप वाटलं होतं.

जानेवारीत भाव सत्तरच्या वर गेला. मी ऑफिसात चहा पाजला.

११ मार्च २०११, शुक्रवार. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास जपानला भूकंप झाला; आमच्या कँटीनच्या टीव्हीवर दुपारी ती काळी लाट दिसली, घरं, मोटारी, होड्या एकत्र ढकलत शेतातून पुढं सरकणारी. सगळे ताट हातात धरून उभे होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की तिकडं भट्ट्या किती आहेत. चोपन्न. संध्याकाळी शेअर थोडा उतरला आणि मी स्वतःला समजावलं: भूकंप होताच भट्ट्या आपोआप बंद झाल्या, म्हणजे यंत्रणा चालते, उलट ही चांगलीच जाहिरात झाली. शनिवारी दुपारी पहिल्या भट्टीच्या इमारतीचं छप्पर उडालं. मामांना फोन लावला. ते टीव्हीसमोरच होते. "हायड्रोजन आहे तो," म्हणाले. "भट्टी बंद झाली तरी इंधन तापतच राहतं. पाणी पोचत नाहीये. डिझेलचे जनरेटर लाटेत गेलेत." मग बराच वेळ गप्प. मी विचारलं, "मामा, शेअर विकू?" ते म्हणाले, "शनिवारी कुठला बाजार उघडा असतो रे?" आणि फोन ठेवला.

काकांनी शिकवल्याप्रमाणे स्टॉपलॉस लावलेला होता, छत्तीस डॉलरवर. छत्तीसला आला की विकून टाका, असा हुकूम. सोमवारी सकाळी साडेसातला तिसऱ्या भट्टीच्या इमारतीचा स्फोट झाला आणि संध्याकाळी सातला बाजार उघडला तो बत्तीसलाच. छत्तीस, पस्तीस, चौतीस हे भाव आलेच नाहीत. मधली पायरीच नव्हती. माझा माल बत्तीसच्या खाली गेला, म्हणजे अर्धा गेला. उरलेल्या अर्ध्याचा स्टॉपलॉस मीच रविवारी रात्री काढून टाकला होता, कारण एवढा चांगला माल घाबरून कशाला सोडायचा. काकांच्या कागदावर त्या जागी मोकळी फट आहे. तिच्या वरची मेणबत्ती पोकळ, खालची शिसानं गच्च भरलेली, इतकी दाबून की मागच्या बाजूला वळ उठलाय.

महिन्याभरानं, १८ एप्रिलला, नाटे गावात गोळीबार झाला. साखरी नाटे हे खाडीपलीकडचं मच्छीमारांचं गाव. प्रकल्पाविरुद्ध जमाव पोलीस ठाण्यावर गेला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एक तरुण मच्छीमार गेला. थोरल्या मामांना फोन लागेना. लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गाड्या बंद आहेत, येऊ नको." थोरले मामा गावचे, शेवटपर्यंत गावचेच. सड्यावरची त्यांची जमीन संपादनात गेलेली. सरकारी कागदांत ती पडीक. तिच्यावर काजू होते, पावसाळ्यात गुरं चरायची, कातळावर गवत होतं. धनादेश त्यांनी परत केला होता. धाकटे मामा ट्रॉम्ब्याहून त्यांना सांगायचे की दादा, मी तीस वर्षं आत होतो, मला काय झालं? थोरले म्हणायचे, तुला पगार होता. दोघं सख्खे भाऊ त्या दिवाळीला एकमेकांकडे गेले नाहीत.

मे महिन्यात दादरला चाकरमान्यांची सभा झाली. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. नाट्याहून आलेला एक मच्छीमार बोलला. भाषण नव्हतंच ते, हिशोब होता: भट्टी थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणार, ऊन करून परत सोडणार, मासा पाण्याची ऊब बघून किनाऱ्याला येतो, तो तिथं राहील का, आणि बंदोबस्ताला तटरक्षक बोटी आल्यावर आम्ही जाळं टाकायचं कुठं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. खिशात फोन होता आणि सातला दहा मिनिटं होती.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. जपाननं एकेक करत सगळ्या भट्ट्या बंद केल्या. नव्या सुरक्षा नियमांखाली पहिली पुन्हा सुरू झाली ती २०१५च्या ऑगस्टमध्ये. जर्मनीनं आठ तातडीनं बंद केल्या. कझाकस्तान मात्र जमिनीत आम्ल सोडून स्वस्तात युरेनियम विरघळवून काढत राहिला, भाव पडला तरी काढत राहिला. २०१५च्या एप्रिलमध्ये मोदी कॅनडात असताना तिथली कंपनी भारताला ७१ लाख पौंड विकणार असा करार झाला. मामांच्या भाषेत मोठी परवानगी. माझा शेअर ढिम्म. २०१६ संपता संपता भाव पौंडाला अठरा-वीस डॉलर. मी मधल्या काळात अ‍ॅव्हरेज करत होतो, म्हणजे पडत्या मालात आणखी घेत होतो. काकांनी मला त्यावरून जेवढं झापलं तेवढं वडिलांनीही कधी झापलं नव्हतं.

त्याच सुमाराला मी एक फुटकळ कंपनी घेतली. खाण नाही, नुसतं भोकं पाडून बघणारी. अशा कंपन्यांकडे पैसे संपतात, त्या नवे शेअर छापतात, भाव पैशांवर येतो, मग दहा शेअरचा एक करतात. तसं झालं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर चार्ट उघडला तर २००७चा भाव दहापट दिसू लागलेला. त्या भावानं तो शेअर कधी कुणी घेतला नव्हता, विकला नव्हता. हिशोबाला बरोबर आहे, जुने भाव दहानं गुणावेच लागतात. पण ज्याला आपण इतिहास म्हणून रेषा ओढतो, तो रात्रीतून बदलला होता. काकांच्या कागदावर मात्र जुनेच आकडे राहिले, त्यांनी समासात पेन्सिलीनं '१० चा १' एवढंच लिहिलं. काका आता विरारला मुलाकडे असतात. मोतीबिंदू झाल्यावर मेणबत्त्या थांबल्या. कागदांची गुंडाळी माझ्याकडे आहे.

आणि मग दिवस फिरले. २०२१च्या जुलैत टोरांटोत स्प्रॉटचा ट्रस्ट सुरू झाला, लोकांच्या पैशानं खरोखरची पिंपं विकत घेऊन ठेवणारा. मामा म्हणाले होते तसा उरल्यासुरल्या मालाचा बाजार, त्यात असा एक घाऊक गिऱ्हाईक शिरल्यावर भाव हलणारच. २०२२ला युक्रेनचं युद्ध. २०२३च्या जुलैत युरेनियमच्या खाणी असलेल्या नायजरमध्ये लष्करी बंड. जानेवारी २०२४ मध्ये जगातल्या दर पाच पौंडांतले दोन देणाऱ्या कझाकस्ताननं सांगितलं की आम्ल पुरत नाहीये. भाव शंभरच्या वर. मे महिन्यात अमेरिकेनं रशियन युरेनियमवर बंदीचा कायदा केला. सप्टेंबरात बातमी आली की थ्री माइल आयलंड, जिथं १९७९ साली अपघात झाला होता, तिथली शेजारची भट्टी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या डेटा सेंटरांसाठी पुन्हा पेटवणार.

ऑफिसातली नवी पोरं आता तीन-तीन स्क्रीन लावून बसतात आणि मला सांगतात, काका, बातमी वाचूच नका, सगळं चार्टमध्ये आलेलं असतं. (आता काका मीच.) त्यांचं अर्धं मला पटतं. आम्लाची बातमी परळला पोचली त्याच्या कितीतरी आधी भाव चढायला लागला होता. आमच्यासारख्यांच्या ताटात बातमी शिळी होऊनच पडते. निदान चार्ट कुणाकुणाला ताजी मिळाली होती हे तरी दाखवतो. पण जो पिंपांचा भाव आठवड्यात मोजक्या सौद्यांवर ठरतो, त्याच्यावर ही पोरं भाव कुठं अडेल ते सांगणाऱ्या फिबोनाचीच्या रेघा मारतात तेव्हा मला मामांचं हसू ऐकू येतं. २७ जानेवारी २०२५ला कमी यंत्रांवर भागवणाऱ्या एका चिनी चॅटबॉटपायी अमेरिकेत सगळे गडबडले, आता एवढी वीज लागणारच नाही म्हणून युरेनियमचे शेअरही एका संध्याकाळीत कोसळले. त्या रात्री एका पोराचा मेसेज आला, "काका, सपोर्ट तुटला." त्या सपोर्टच्या, म्हणजे भाव टेकून थांबेल असं मानलेल्या, रेषेखाली कुठल्याही खाणीत त्या दिवशी एक ढेकूळ हललं नव्हतं.

नफा झाला का? लोक हेच विचारतात, आणि लेख इथवर वाचणाऱ्यालाही तेच हवं असणार. झाला. निम्मा नफा युरेनियमचा नाहीच, रुपयाचा आहे. मी घेतला तेव्हा डॉलर पंचेचाळीसचा होता, विकला तेव्हा चौऱ्याऐंशीचा. डॉलरच्या चार्टवर जी दहा वर्षं मातीत गेलेली दिसतात ती रुपयाच्या चार्टवर इतकी वाईट दिसत नाहीत. हा तिसरा कागद काकांनी कधी काढला नाही.

२०२५च्या मेमध्ये आजोळी गेलो होतो. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज आणि छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला वीस हजार कोटी असं जाहीर झालेलं. गावात कुणी त्यावर बोलत नव्हतं. भट्टी अजून एकही उभी नाही. सड्यावर कुंपणाची भिंत आहे. थोरल्या मामांनी ऐंशी ओलांडलीय. २०१३ला सरकारनं हेक्टरी साडेबावीस लाखांचा दर दिला, तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी पैसे उचलले, त्यांनीही उचलले. का उचलले हे मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

दुपारी पडवीत आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं. मामा पेंढा अंथरत होते. मध्येच म्हणाले, "काय रे, तुझ्या त्या युरेनियमचा दर काय?" वाशीला पेटीचा दर काय, असं विचारावं तशा आवाजात.

"सत्तरच्या आसपास. पौंडाला."

"चढेल?"

"चढेल असं म्हणतात."

"दाखव."

फोनवर वीस वर्षांचा चार्ट काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोन हातभर लांब धरला. २००७चा सुळका बघून "हा अंबा घाट," म्हणाले. मग खालच्या सपाटीकडं बघत राहिले.

"तू कधी घेतलास?"

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. डिसेंबर २०१०. वीस वर्षं त्या चार बोटांच्या काचेवर मावलेली. माझ्या एका बोटाखाली वर्षभर तरी सहज झाकलं गेलं असेल, डिसेंबर, मार्च, एप्रिल, सगळंच.

मामा थोडं थांबले. मग पेंढा लागलेल्या हातानं माझं मनगट धरून बाजूला केलं.

"बोट काढ," म्हणाले. "खालचं दिसत नाही."